विचारपूस आणि करार

कंपन्यांत हल्ली कर्मचाऱ्यांच्या सुखाची मोजदाद जोरात चालते. दर तिमाहीला मोबाइलवर पाच-सहा प्रश्न येतात, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांपैकी एक दाबायचा असतो, वर्षातून एकदा ‘वेलनेस वीक’ साजरा होतो. या सगळ्याला संशोधनाचा आधार आहे, असं सांगतात. आधार आहेच, आणि तो शंभर वर्षांचा आहे. पण तो नेमका कोणाच्या कामी येतो, यावर माझ्या डोक्यात दोन माणसं बरेच दिवस भांडत आहेत. त्यांनाच इथे बोलू देतो. माणसं दोन्ही रचलेली. त्यांच्या तोंडचे अभ्यास मात्र खरे.

मामा भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. युनियनचे पदाधिकारी होते. मागणीपत्रं लिहिली, करारांवर सह्या केल्या, एक टाळेबंदीही सोसली. भाची हिंजवडीतल्या आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे, आणि तिने संघटनात्मक मानसशास्त्राचा रीतसर अभ्यास केलेला आहे.

भाची : मामा, आमच्या खात्याला तुम्ही ‘मालकाची गोड जीभ’ म्हणता. पण कामाच्या जागी माणसाला बरं वाटतंय की नाही, हे कोणीतरी बघायला नको का?

मामा : बघा की. आमच्या वेळीही बघायचे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाचशे कामगार झाले की वेलफेअर ऑफिसर ठेवावाच लागायचा, अडीचशेच्या वर गेले की कॅन्टीन. तुझ्या वेलनेस वीकची ती आजी. फरक एवढाच, की कॅन्टीनच्या भाजीत अळी निघाली तर कॅन्टीन कमिटी होती आणि तिच्यात आमची माणसं होती. तुझ्या ॲपमध्ये अळी निघाली तर मी कोणाकडे जाऊ?

भाची : ॲपचं म्हणाल तर मीच तुमच्या बाजूने साक्ष देते. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ चा अभ्यास आहे. ब्रिटनमधल्या २३३ संस्था, ४६,३३६ कर्मचारी. ध्यानाची ॲप्स, ताण कसा हाताळावा याचे वर्ग, असले उपक्रम घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांची त्यांनी तुलना केली. घेतलेल्यांना काही जास्त बरं वाटतंय असं दिसलं नाही. स्वयंसेवी कामाची संधी हा एक अपवाद सोडला, तर बाकी सगळं पाण्यात. आता हा एका वेळचा फोटो आहे, प्रयोग नव्हे. जास्त त्रासलेली माणसंच अशा वर्गांना जात असतील, ही शंका राहते. पण अमेरिकेत एका घाऊक दुकानांच्या साखळीत चिठ्ठ्या टाकून प्रयोगही झाला. १६० दुकानांपैकी काहींत आरोग्याचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांत नाही. २०१९ मध्ये निकाल आला. दीड वर्षाने लोक सांगत होते, आम्ही व्यायाम करतो, वजनावर लक्ष ठेवतो. रक्तदाब, दवाखान्याचा खर्च, गैरहजेरी यांत मात्र म्हणावा असा फरक पडला नव्हता.

मामा : एवढं ठाऊक असून तुमची कंपनी ते बंद का करत नाही?

भाची : कारण ते स्वस्त पडतं. टीममध्ये दोन माणसं वाढवणं किंवा क्लायंटला ‘एवढ्या तारखेत होणार नाही’ म्हणणं महाग पडतं.

हे उत्तर प्रामाणिक आहे आणि एचआरमधली अनेक मंडळी चहाच्या टपरीवर ते देतात. मीटिंगमध्ये देत नाहीत. वाद इथेच मिटला असता, पण मामांना जुना हिशेब काढायचा होता.

मामा : कामगार शिक्षण मंडळाच्या वर्गात आम्हाला एक गोष्ट सांगितली होती. शिकागोजवळचा टेलिफोनचा कारखाना. दिवे वाढवले, उत्पादन वाढलं. दिवे कमी केले, तरी वाढलं. म्हणजे कामगाराला पगार नको, फक्त लक्ष हवं! मालकलोकांना ही गोष्ट फार आवडायची.

भाची : हॉथॉर्न. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी, १९२४ ते १९३२. आणि दिव्यांची ती गोष्ट सांगतात तितकी खरी नाही. स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट यांनी जुने आकडे शोधून काढून २०११ मध्ये पुन्हा तपासले. एवढा मोठा चमत्कार त्यांत नव्हताच.

मामा : आणि त्या पाच मुली? रिले जोडणाऱ्या?

भाची : त्यांचा प्रयोग पाच वर्षं चालला. विश्रांतीच्या सुट्ट्या दिल्या, तास कमी केले, आणि उत्पादन सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं. एल्टन मेयो वगैरे संशोधकांनी अर्थ लावला की आपुलकीने माणूस खुलतो. पण तुम्हाला हवी ती गोष्टही त्यातच आहे, लपवत नाही. प्रयोगाच्या सुरुवातीलाच त्या मुलींचा मोबदला बदलला होता. आधी शंभरेक जणींच्या गटाचा हिशेब एकत्र व्हायचा, आता पाच जणींचा वेगळा. म्हणजे जादा काम केलं की जादा पैसे आपल्याच हातात. आणि फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, म्हणून पाचांपैकी दोघींना १९२८ च्या जानेवारीत काढून तिथे दुसऱ्या दोघी बसवल्या होत्या.

मामा : आपुलकीच्या प्रयोगातून बोलणाऱ्यांना काढलं! झालं, मला आणखी काही नको.

भाची : थांबा, पुढचं तर ऐका. त्याच कंपनीने तेव्हा सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या. माणसं भडाभडा बोलली. मग १९३६ मध्ये समुपदेशक नेमले. त्यांना नियम असा, की ऐकून घ्यायचं, पण तक्रारीवर स्वतः काही करायचं नाही.

मामा : म्हणजे तुम्ही.

भाचीने यावर काही उत्तर दिलं नाही. तिने सरळ गाडी अहमदाबादकडे वळवली, आणि माझ्या मते तिचा सगळ्यात भक्कम दाखला तोच आहे.

भाची : १९५३. कॅलिको मिल, साराभाईंची. नवे स्वयंचलित माग आणले होते, पण कापड काही वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस तिथे आला. मागावर बारा प्रकारची कामं होती. विणकर, बॉबिन भरणारा, तुटलेला ताणा सांधणारा, तेल घालणारा, जॉबर, झाडूवाला, सगळे वेगवेगळे. एकेकाला कधी या मागावर, कधी त्या मागावर पळावं लागायचं. कोण कोणाबरोबर काम करतोय याचा पत्ता नाही. राइसने सुचवलं, की काही मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे सोपवा, काम कसं वाटून घ्यायचं ते गटच ठरवेल. कामगारांनी ही कल्पना हातोहात उचलली आणि गट त्यांनी स्वतःच पाडले. सुरुवातीला धडपडले, मग उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. मामा, यात ना ॲप होतं, ना समुपदेशक. कामाची मांडणीच बदलली होती.

मामा : हे मला पटतं. आमच्या लाइनवर जुना सुपरवायझर होता, तो आम्हालाच ठरवू द्यायचा कोण कुठे उभा राहणार. त्याच्या पाळीत भांडणं कमी व्हायची. पण मला सांग, एवढं चांगलं होतं तर सगळ्या देशभर का पसरलं नाही?

भाची : १९७० मध्ये राइसचा सहकारी एरिक मिलर पुन्हा बघायला गेला, तेव्हा एका शेडमध्ये ती पद्धत टिकून होती. बाकी ठिकाणी हळूहळू झिजत गेली होती.

मामा : झिजणारच. साहेबाच्या मर्जीवर आलेली गोष्ट साहेब बदलला की जाते. कागदावर घेतली असती, करारात घातली असती, तर झिजायला वेळ लागला असता.

भाची : पण मोजलं नसतं तर ती चांगली आहे हे कळलंच नसतं! तुमच्या करारांत आजवर ‘काम कसं करायचं ते कामगार ठरवेल’ असं कलम किती वेळा आलं? महागाई भत्ता, बोनस, गणवेश, साबण. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास बघा. १९६७ मध्ये सुरू झाला, त्याचे निष्कर्ष पुढे मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी मांडले. सुमारे १८ हजार पुरुष, सगळे कायम नोकरीतले, पेन्शनवाले, कोणी भुकेला नाही. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त. सिगारेट, रक्तदाब सगळं धरून निम्मा फरकही उलगडेना. मग १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात बायकाही होत्या, एकूण १०,३०८ माणसं. त्यात दिसलं, की आपल्या कामावर आपली सत्ता ज्यांना नाही, त्यांचं हृदय जास्त धोक्यात असतं. साबणाच्या वड्या वाढवून ते वाचत नाही, मामा.

मामा : साबणाला हसू नकोस. ग्रीसचे हात घेऊन घरी गेलं की पोर जवळ येत नाही, तेव्हा तो साबण लागतो.

इथे मी भाचीच्या बाजूचा. कामगार चळवळीने कामाच्या मोबदल्यावर जेवढी शक्ती लावली, तिचा दहावा हिस्साही कामाच्या मांडणीवर लावला नाही. पण मामांचं साबणाचं उत्तरही ज्याने कधी ग्रीसला हात लावला नाही त्याने उडवून लावू नये.

भाची : आता माझा हुकमी पत्ता. आपल्याच देशातला, तयार कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या कंपनीतला. अच्युत अध्वर्यु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये छापला. वार्षिक पगारवाढ झाली, पण कामगारांना वाटत होतं त्याहून कमी. सगळे नाराज. तेव्हा चिठ्ठ्या टाकून काही कामगार निवडले आणि त्यांना नाव न लिहिता मतं विचारली. पगार कसा वाटतो, सुपरवायझर कसा आहे, काम कसं आहे. बस्स, एवढंच. ज्यांना विचारलं त्यांच्यात पुढच्या काही महिन्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण न विचारलेल्यांपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी होतं. सगळ्यात जास्त फरक कोणात पडला? पगारवाढीने ज्यांची सगळ्यात जास्त निराशा झाली होती त्यांच्यात. बघा, माणसाला आवाज हवा असतो.

मामा : पगार वाढला का?

भाची : नाही.

मामा : विचारल्यानंतर काही बदललं?

भाची : प्रयोग विचारण्याचाच होता.

मामा : मग हे तू माझ्याविरुद्ध सांगतेस की माझ्या बाजूने? अगं, पगारवाढ कमी पडली म्हणून चिडलेली बाई मशीन सोडून चालली होती. तिला कोणीतरी कागद दिला, ती मनातलं बोलली, आणि थांबली. कमी पगारात! मालकाला पुन्हा नवी बाई शिकवायचा खर्च वाचला. यात तिचं काय भलं झालं, ते कोणी मोजलं?

भाची : तिला बरं वाटलं म्हणूनच थांबली असेल ना?

मामा : असेल. किंवा तिला वाटलं असेल की आता विचारलंय म्हणजे पुढे काहीतरी होईल. विचारपूस हा उधारीचा व्यवहार आहे, पोरी. तुम्ही विचारता तेव्हा देण्याचं वचन देता, बोला किंवा न बोला.

भाचीकडे याला उत्तर नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे ते होतं आणि तिने ते दिलं. पण या अभ्यासावर थोडं थांबायला हवं. तो चोख आहे, त्यात लबाडी नाही. त्याने जे मोजलं ते म्हणजे किती जणी सोडून गेल्या आणि किती जणी आल्या नाहीत. हे दोन्ही आकडे कंपनीच्या हजेरीपटात आयते असतात. कामाच्या जागेवरच्या बहुतेक संशोधनाची हीच गत आहे. कारखान्यात शिरायला मालकाची परवानगी लागते, आकडे मालकाच्या दप्तरात असतात, म्हणून सुखाचा अर्थ मालकाच्या दप्तरातून लावला जातो. जी बाई सोडून गेली ती जास्त पगारावर गेली की घरी बसली, हे त्या दप्तरात नसतं.

भाची : मान्य. पण मामा, उलटंही बघा. विचारायची पद्धत नसती तर ‘सगळे खूश आहेत’ असंच मालक म्हणाला असता. हार्वर्डच्या एमी एडमंडसन हॉस्पिटलांतल्या टीमचा अभ्यास करत होत्या. त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीमकडून औषधाच्या चुका कमी होत असतील. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! उलगडा असा झाला, की तिथल्या नर्स चूक सांगायला घाबरत नव्हत्या. वाईट टीममध्ये चुका दडपल्या जात होत्या.

मामा : हे तर मी रोज बघितलंय. गेटवर फळा असतो, ‘अपघाताविना इतके दिवस’. तो आकडा मोडू नये म्हणून प्रेस शॉपमधल्या पोराचं बोट चेंगरलं तरी खाजगी दवाखान्यात पट्टी बांधून त्याला परत उभं करायचे. पण भीती काय शिबिर घेऊन जाते का? कायम कामगार बोलायचा, कारण त्याला काढायला कारण दाखवावं लागायचं. कंत्राटी पोरगा बोलायचा नाही, कारण त्याला फक्त ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढंच सांगायचं असतं.

भाची : आणि त्या कंत्राटी पोराला तुमच्या युनियनने सभासद करून घेतलं होतं?

मामा : (थोडं थांबून) नाही.

भाची : तुमच्या कमिटीवर किती बायका होत्या?

मामा : मशीन शॉपमध्ये बायका नव्हत्याच.

भाची : असेंब्लीत होत्या. आईची मैत्रीण होती. तिला वेगळं स्वच्छतागृह मिळालं ते कुठल्या करारात?

मामा : करारात नाही. परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं होतं, तेव्हा बांधलं.

हा टोला मामांना बसला आणि बसायलाच हवा होता. ज्यांचा आवाज युनियनपर्यंत पोचत नाही, त्यांच्यासाठी निनावी प्रश्नावली ही चेष्टा नसते. कित्येकदा तीच एक फट असते.

मामा : तरी एक सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असले की वर्क्स कमिटी सांगितली होती. मालकाचे जेवढे प्रतिनिधी, कामगारांचे त्याहून कमी नाहीत. ती कमिटी किती ठिकाणी खरी चालली? आवाज हवा हे तुमच्या संशोधकांना आत्ता कळलं, कायद्याला पंचाहत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं.

भाची : आणि ज्या आयटी कंपन्यांत कोणी वर्क्स कमिटीचं नावही ऐकलेलं नाही, तिथे मी काय करू? कामगिरीच्या मूल्यमापनात बेल कर्व्हच्या तळाशी कोणाला टाकायचं यावर रात्री अकराला कॉल चालतो. मला निदान आकडा दाखवता येतो, की या मॅनेजरच्या हाताखालची माणसं दुप्पट वेगाने सोडून चाललीत. तेवढ्यावर एक मॅनेजर बदलून घेतला मी.

मामा : शाब्बास. हे आधी सांगायचं.

मग झोपेवरून थोडी गंमत झाली. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्या गरीब कामगारांवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापला. ही माणसं आठ तास अंथरुणात असत, पण झोप जेमतेम साडेपाच तास लागे. उकाडा, डास, गोंगाट. डोळ्यांवरच्या पट्ट्या, पंखे वगैरे देऊन त्यांची रात्रीची झोप सुमारे सत्तावीस मिनिटांनी वाढवली. काम सुधारलं नाही. पण कामाच्या जागी दुपारी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तर काम सुधारलं, मनही प्रसन्न झालं. भाचीने हे सांगताच मामा म्हणाले, वामकुक्षीवरून पुणेकरांची थट्टा करणाऱ्यांनी आधी त्यांची माफी मागावी. भाचीने लगेच पुढचं वाक्य ऐकवलं. डुलकी घेणारे तासाला जास्त काम करत, पण डुलकीचा वेळ वजा होऊन त्यांची दिवसाची कमाई सलग काम करणाऱ्यांपेक्षा कमीच भरे.

मामा : म्हणजे झोपेचा खर्च कामगाराच्या खिशातून. तो अर्धा तास पगारी करा, मग मी तुमच्या संशोधनाला हार घालतो.

भाची : तासांचाच विषय निघालाय तर हा हिशेब बघा. सत्तर तास काम करा, नव्वद तास करा, हे उद्योगपतींचं बोलणं सोडून द्या, त्यावर खूप विनोद झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं, की आठवड्याला पंचावन्न तास किंवा जास्त काम करणाऱ्याला पस्तीस-चाळीस तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात अशा तासांमुळे जगात ७ लाख ४५ हजार मृत्यू धरले आहेत. आता महाराष्ट्र बघा. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर, दुकानं-आस्थापनांतली नऊवरून दहावर न्यायला मान्यता दिली. ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला १४४ तास. तिमाहीत तेरा आठवडे. १४४ भागिले तेरा, म्हणजे आठवड्याला अकरा तास. त्यात नेहमीचे अठ्ठेचाळीस मिळवा.

मामा : एकोणसाठ.

भाची : एकोणसाठ. एकही नियम न मोडता.

मामा : हा हिशेब तू तुझ्या कंपनीत मांडलास?

भाची : अजून नाही.

माझं मत असं. भाचीची साधनं बरोबर आहेत आणि मामांचा प्रश्न बरोबर आहे. मोजल्याशिवाय मामांची युनियन कंत्राटी पोराला आणि असेंब्लीतल्या बाईला विसरते. हातात अधिकार नसताना केलेली भाचीची मोजणी मात्र नाराज माणसाला शांत बसवण्याच्या कामी येते, आणि तो परिणाम संशोधनातच नोंदलेला आहे. कामाच्या जागेवरच्या सुखाचा शोध घ्यायचा तर जागा, वेळ, गट आणि वेग यांतलं काय कामगाराला ठरवता येतं इथपासून सुरुवात करावी. ध्यानाचं ॲप सगळ्यात शेवटी.

वाचकांपैकी जे कोणी एचआरमध्ये, व्यवस्थापनात किंवा युनियनमध्ये असतील त्यांना एक विनंती. पुढच्या सर्वेक्षणाचा निकाल संचालकांच्या सादरीकरणातच ठेवू नका; नोटीस बोर्डावर लावा. त्याच कागदावर गेल्या तिमाहीत प्रत्येक विभागाने केलेले ओव्हरटाइमचे तास लिहा, कंत्राटी माणसांचे धरून. आणि खाली लिहा, की यातलं काय, कोण, कोणत्या तारखेपर्यंत बदलणार आहे. एवढं लिहायची तयारी नसेल तर प्रश्न विचारू नका.